दुपारचा विणेकरी

२१ फेब्रुवारी २०२४. अंजूरच्या अलीकडच्या त्या गावात नऊशे चाळीस माणसे राहत होती. त्यांतली सत्तेचाळीस बौद्धवाड्यात.

मोरू त्या सत्तेचाळिसांतला. उमेदीची वर्षे भिवंडीच्या लूमवर गेली. आता तो गावाच्या शिवारावर उभ्या राहिलेल्या गोदामात रात्रपाळीचा वॉचमन होता आणि जयंतीला वाड्यातल्या गायनपार्टीत एकतारी धरायचा. भोपळ्याचे पोट, लांब दांडी, ताणलेली तार: या वाद्याचे कूळ फार जुने. अजिंठ्याच्या चित्रांत किन्नराच्या हाती त्याच कुळातले वाद्य आहे. पुढे दारोदार फिरणाऱ्याने त्यातली एक तार पोटासाठी वाजवली, तेव्हा लोकांनी त्याला भिकाऱ्याचे म्हटले. तीच तार देवळात उभी राहिली, तेव्हा तिच्या पाया पडले.

गावच्या सप्ताहात ही वीणा सात दिवस गळ्यातून उतरत नसे. पहारा बदलताना नवा विणेकरी जुन्याच्या पाया पडे, तार छेडती ठेवूनच वीणा आपल्या गळ्यात घेई. ती खाली टेकली तर सप्ताह मोडला, असे सप्ताह चालवणारे कोंडूबुवा चाळीस वर्षे सांगत आले होते. पण गावातली पोरे गोदामांच्या शिफ्टला लागली आणि दुपारी उभे राहायला कोणी उरेना. तेव्हा बुवा स्वतः मोरूच्या दारी आले.

मोरूने होकार दिला, तेव्हा लेक नेत्रा चिडली. आपला त्या देवाशी संबंध काय, असे तिने विचारले.

"शिफ्टला माणूस नाही म्हणून बदली कामगार बोलावलाय, बाबा. तुम्ही लगेच हजर."

"देवासाठी न्हाय जात," मोरू म्हणाला. "माझ्यानंतर जो वीणा घेल त्याला माझ्यापुढं वाकावं लागंल. तेवढं बघायचंय."

दुपारी बाराला त्याने रीतीप्रमाणे बुवांच्या पायांना हात लावला आणि वीणा घेतली. मंडप रिकामा होता. एक कुत्रे सतरंजीवर झोपले होते. तीनला पुढच्या पहाऱ्यासाठी बुवांचा मुलगा विशाल आला. मोरूच्या गोदामाचा तोच सुपरवायझर. त्याने एक प्लास्टिकची खुर्ची ओढून आणली.

"मोरूकाका, हिच्यावर ठेवा. मी उचलतो."

"वीणा खाली ठेवत न्हाईत, विशाल. तुझ्याच बापाचा शब्द हाय."

"खुर्ची म्हंजे काय खाली हाय का?"

मोरू तार छेडत उभा राहिला. विशालने बापाला बोलावून आणले. बुवांनी मोरूकडे पाहिले, मुलाकडे पाहिले, मग खांद्यावरचे उपरणे काढून खुर्चीवर पसरले आणि त्याच्या सुरकुत्या नीट केल्या. मोरूने त्या क्षणी जाणले की या माणसांना स्वतःचा नेमसुद्धा प्रिय नाही. तो मोडेल, पण कंबर वाकणार नाही.

तरीही तो उभाच राहिला. हरिपाठाला माणसे जमली. काय चालले आहे ते सगळ्यांना कळत होते. सगळे टाळ वाजवत राहिले. मोरूचे बोट सोलले, पोटऱ्या थरथरू लागल्या. तेव्हा विशाल जवळ येऊन हळूच म्हणाला, "सातला तुमची ड्युटी हाय, काका. उशीर झाला तर उद्यापास्नं येऊ नका."

घर त्या पगारावर चालत होते. मोरूने पट्टा गळ्यातून काढला आणि वीणा खुर्चीवर ठेवली. तार थांबली. विशालने आधी खुर्चीला वाकून हात जोडले, मगच वीणा उचलली.

काल्याच्या दिवशी लाउडस्पीकरवर सांगितले गेले की वीणा सातही दिवस अखंड वाजली; विणेकऱ्यांची नावे घेतली गेली, त्यांत मोरूचेही होते. नेत्राने ते घरात ऐकले आणि खिडकी लावून घेतली. मोरू ड्युटीहून येऊन झोपला होता.

विशालकडून मोरूला एक नमस्कार येणे आहे. तो अजून मिळालेला नाही.