परातीतले बोल्ट

संस्थानच्या शस्त्रागारात मी मिस्त्री होतो तेव्हाची गोष्ट. पहिलं महायुद्ध संपल्यावर लष्कराने टाकून दिलेल्या रायफली आमच्या पोलिसांच्या गळ्यात पडल्या होत्या आणि त्यांचा गंज खरवडता खरवडता माझी उमेद केव्हाच संपली होती. खारा वारा लोखंडाला सोडत नाही. आज पुसलेली नळी आठ दिवसांत पुन्हा तांबडी व्हायची.

रायफल अस्सल आहे की जुळवलेली, हे ओळखणं तसं अवघड नसतं. नळीवर एक नंबर ठोकलेला असतो, तोच नंबर बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या, मुठीवर असायला हवा. परक्या रायफलीचा बोल्ट नीट बसला नाही, तर काडतूस फुटून डोळा जाऊ शकतो. हे सगळं मला पाठ होतं, आणि तरीही घोळ घातला तो मीच.

दसऱ्याला चौक्यांवरच्या सगळ्या रायफली पूजेसाठी गावात येत. गर्दीत एखादी उडू नये म्हणून मी बोल्ट काढून एका परातीत ठेवायचो. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ, सगळं यथासांग व्हायचं. मग जेवणाची घाई. हाताला येईल तो बोल्ट मी बसेल त्या रायफलीत सरकवून द्यायचो. नंबर कोण बघतो! वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

एका वर्षी मुंबईहून तपासणीसाहेब आले. खाडीपलीकडे दिघीच्या चौकीवरच्या हवालदाराची रायफल त्यांनी सहज उचलली आणि नंबर जुळेनात. अस्सल बोल्ट यानेच कुणा शिकाऱ्याला विकला, असं साहेबांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. हवालदाराच्या पेन्शनला दोन महिने उरले होते. त्याला घरी बसवलं, आणि आठ दिवसांत बोल्ट सापडला नाही तर पेन्शन विसर, असं सांगून साहेब भरतीची होडी गाठायला निघून गेले. तपासणीला साहेबांबरोबर गेलेला मी शेजारीच उभा होतो. परात डोळ्यांसमोर दिसत होती, पण तोंड उघडलं नाही. नोकरी जाईल याची भीती वाटली, दुसरं काही नाही.

मग मी एकेक रायफल खोलत बसलो. मुठींवर कुंकवाचा आणि तेलाचा थर इतका, की आकडा दिसायला सुईने कोरावं लागे. कंबर मोडली, डोळे चुरचुरायला लागले. निम्म्याहून जास्त रायफली परक्या बोल्टावर चालल्या होत्या. सहाव्या दिवशी खजिन्यावरच्या पहारेकऱ्याच्या रायफलीत हवालदाराचा बोल्ट मिळाला. साफसफाईत अदलाबदल झाली, एवढंच मी रिपोर्टात लिहिलं. कुणाच्या हातून, ते लिहिलं नाही.

हवालदार कामावर परत आला. बोल्ट घेऊन मी आगरदांड्याहून होडीने दिघीला गेलो. त्याने तो बसवला, दोनदा मागेपुढे केला. मला राहवलं नाही. चूक माझी होती, दसऱ्याच्या परातीतली, असं सांगून टाकलं.

"ठावं हाय, मिस्त्री," तो म्हणाला. "परात माझ्याच हातात व्हती की तवा. पयल्या दिसापास्नं ठावं हाय."

मग साहेबांना का सांगितलं नाहीत, असं मी विचारलं.

तो रायफलीची नळी पुसत राहिला. "तुमी बाजूलाच उभं व्हता. म्हटलं, तुमीच सांगाल."

मी परतीच्या होडीकडे गेलो. होडी भरायला बराच वेळ होता, पण चौकीवर थांबायची हिंमत झाली नाही.