भाऊजींच्या गाडीचा पंप

माझे धाकटे दीर खराडीला एका आयटी कंपनीत मोठ्या पदावर आहेत. त्यांनी एक जुनी, गोल दिव्यांची गाडी घेतली, तिला क्रीम रंग दिला, मूळ इंजिन काढून टाकलं आणि अपघातात मोडलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन तिच्यात बसवून घेतलं. वर तिला ‘विंटेज’ म्हणू लागले. तसं म्हणायला काय लागतं मला माहीत नाही, पण लाज नक्की लागत नाही.

गाडी सुरू व्हायला ताटकळवायची आणि चांदणी चौकाच्या चढावर हमखास बंद पडायची. भाऊजींचं ठरलेलं उत्तर होतं, “जुन्या गाड्यांना मूड असतो, वहिनी.”

मी पंचवीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलची प्रयोगशाळा सांभाळली आहे. तारांना मूड नसतो, एवढं मला कळतं.

एका रविवारी ते आमच्याकडे कोथरूडला जेवायला आले आणि निघताना गाडी सुरूच होईना. मी मीटर घेऊन खाली गेले.

“तुम्ही कशाला उन्हात, वहिनी?”

“माझ्याकडे मीटर आहे. तुमच्याकडे काय आहे?”

डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि हसावं की रडावं कळेना. सगळ्या तारा लाल. जुन्या इंजिनाचा पेट्रोलपंप इंजिनाच्याच फिरण्यावर चालायचा. नव्याला टाकीत विजेचा पंप लागतो आणि तो करंट बराच खातो. गॅरेजवाल्याने तो रेडिओच्या बारीक तारेला जोडला होता. स्टार्टर फिरवताना ती तार बंद होते. म्हणजे इंजिनाला पेट्रोल हवं, नेमका त्याच वेळी पंप बंद. फ्यूज नाही, किल्लीच्या स्विचवरचा भार स्वतःवर घेणारा रिले नाही. बॅटरीत साडेबारा व्होल्ट, पंपाला मिळत होते जेमतेम नऊ. किल्लीचा स्विच हाताला चटका देत होता.

भाऊजींनी गॅरेजवाल्याला फोन लावून माझ्या हातात दिला.

“पंप वाजतोय न्हवं, ताई? मग झालं की!”

“वाजायला तो काय भोंगा आहे?”

त्याने फोन ठेवला. “चांगला माणूस आहे हो, खूप गाड्या करतो,” भाऊजी म्हणाले.

“दिसतंय.”

गाडी आमच्याच पार्किंगमध्ये राहिली. पुढचे दोन रविवार मी तिथे सतरंजी टाकून बसले. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन म्हणाले, “बाई, अशी कामं मेकॅनिकला द्यायची असतात.”

“दिलं होतं. म्हणूनच मी इथे बसले आहे.”

इग्निशनचं सगळं वायरिंग मी नव्याने ओढलं, प्रत्येक तारेचा रंग वेगळा. बॅटरीजवळ फ्यूज, इग्निशनला एक रिले, पंपाला दुसरा. पंपाचा रिले इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या ताब्यात दिला, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबतो. आधी तो चालूच राहायचा. गाडी कुठे आदळली असती, तर पेट्रोल सांडतच राहिलं असतं. भाऊजींना हे सांगितलं. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

“वहिनी, रंग खरवडलात?”

“हो. अर्थिंग जोडायचं आहे. रंगातून करंट जात नाही.”

दुसऱ्या रविवारी दुपारी भाऊजींनी किल्ली फिरवली. पंप दोन सेकंद गुणगुणला आणि थांबला.

“गेला! बंद पडला!”

“इंजिन फिरेपर्यंत थांबायलाच हवा तो. किल्ली पुढे फिरवा.”

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं, अगदी एकसारख्या आवाजात. खोटं कशाला बोलू, तेवढा वेळ मी भाऊजींवरचा राग विसरले आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले.

मग माझ्या नवऱ्यालाही घेऊन आम्ही तिघं चांदणी चौकाचा चढ चढून आलो. गाडीने एकदाही आचका दिला नाही. वर पोचल्यावर भाऊजी माझ्या नवऱ्याला म्हणाले, “गाडीत दम होताच रे, दादा.” मला एक अक्षर नाही.

महिन्याभराने जुन्या गाड्यांचं एक प्रदर्शन होतं, तिथे आम्हालाही बोलावणं आलं. पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बॉनेटखाली बराच वेळ वाकून बघत होते. “वायरिंग कोणी केलं हो? फार नेटकं आहे.”

“आमच्या वहिनींनी थोडी मदत केली,” भाऊजी म्हणाले.

थोडी! मी म्हटलं, “भाऊजी, यातला पंपाचा रिले कुठला, ते यांना दाखवा ना.”

भाऊजींनी बॅटरीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. गृहस्थ मग माझ्याकडे वळले आणि आम्ही दोघं अर्धा तास अर्थिंगवर बोलत राहिलो. भाऊजी चहा आणायला गेले. येताना दोनच कप आणले, एक त्या गृहस्थांना आणि एक स्वतःला.