नक्कल करू नये

मामांनी कॅसेटच्या फिती बंबात घातल्या तो रविवार होता. मी तिथे होते. कॅसेट एकवीस होत्या. फीत ओढून काढायला वेळ लागत होता, म्हणून मीही काढू लागले. मामी आत भाकरी करत होती. बंबात तापलेल्या पाण्याने मामांनी अंघोळ केली आणि मग आम्ही जेवलो.

त्या फितींवर मामीची गाणी होती.

मंगळवार पेठेत मामांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. लोक वहीच्या पानावर सिनेमातल्या गाण्यांची यादी आणून देत, मामा ती गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून देत. याला चोरी म्हणतात हे तेव्हा पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं, मामांनाही नव्हतं. मामी भीमगीतं गायची. जयंतीला, कुणाच्या घरी बाळाचं नाव ठेवायचं असलं की, कधी कुणी गेल्यावरही. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतींना वाकळा टांगून मामांनी तिची पहिली कॅसेट केली. महिन्याभराने इचलकरंजीच्या स्टँडसमोर एका टपरीवर त्यांना ती वाजताना ऐकू आली. वेष्टणावर फोटो भलत्याच बाईचा होता. परत येऊन त्यांनी दुकानावरची 'गाणी भरून मिळतील' ही पाटी उतरवली.

"आपुन बी त्येच करत हुतो की," मामी म्हणाली.

"म्हणून तर कळालं," मामा म्हणाले.

त्यानंतर त्यांच्या खिशात एक बारीक पेचकस कायम असे. कॅसेटच्या पाठीवर दोन लहान खुंट्या असतात; त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. दिसेल त्या कॅसेटच्या खुंट्या मामा मोडून ठेवत. आमच्या घरी आले तरी चहा येईपर्यंत कपाटातल्या चार-पाच मोडून होत. आई चिडायची. मामा शांतपणे म्हणायचे, "ऱ्हाऊ दे गं. आत जे हाय ते तरी पुसायचं न्हाय."

पण पुसणं थांबलं तरी उतरवणं थांबत नव्हतं. म्हणून पुढच्या कॅसेटमध्ये त्यांनी स्वतःचा आवाज घातला. दोन कडव्यांच्या मधे पेटी वाजत असताना ते मामीचं नाव घेऊन खर्जात बोलत, "ही ध्वनिफीत सुशीलाबाईंची आहे. नक्कल करू नये." कडव्याचा पहिला शब्द कधी कधी त्याखाली दबायचा. वस्तीत पोरं मामीच्या गाण्याबरोबर ते वाक्यही चालीत म्हणू लागली. मामी हसायची. "माझं गाणं ऱ्हायलं बाजूला, ह्यांचंच पाठ झालंय," म्हणायची. मामांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. त्यांचं एक म्हणणं होतं, ते पुन्हा पुन्हा सांगत: "चोरीत वस्तू जाती. नकलंत माणूस जातंय."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले तेव्हा त्यांनी माझ्याकडून कॉपीराइटच्या कायद्याचं पुस्तक मागवलं. इंग्रजी होतं. मी वाचून मराठीत सांगायची, ते मांडी घालून ऐकायचे. कुणी वाचून दाखवणारं मिळालं याचं त्यांना फार अप्रूप होतं, आणि मला त्यांचा तो विश्वास आवडायचा. तक्रारअर्जही मीच लिहिला. टपरीवर धाड पडली, पोत्यांनी कॅसेट निघाल्या आणि पुढे कधीतरी त्यांच्यावरून रोडरोलर फिरवला गेला. मामा मुद्दाम पाहायला गेले होते. घरी आल्यावर मामीने विचारलं, "किती हुत्या माझ्या?" मामा हातपाय धुवायला मागे गेले.

मग कॉम्प्युटर आला. क्लास चालवणाऱ्या एका सरांशी गाठ मीच घालून दिली. मूळ कॅसेटमधली सगळी गाणी त्यांनी मामांच्या कॉम्प्युटरवर चढवली आणि वर कुलूप घातलं. पासवर्ड टाकल्यावर गाणी त्याच यंत्रावर वाजत. दुसरीकडे नेली तर नुसती खरखर. मामांनी तीन वेळा करून पाहिलं. तिन्ही वेळा खरखर ऐकून त्यांचा चेहरा उजळला. आता मूळ कॅसेट घरात राहणं म्हणजे दार लावून खिडकी उघडी ठेवणं, असं त्यांना वाटू लागलं. मागे भावकीतल्या कुणीतरी एक ऐकायला म्हणून नेली होती आणि तिच्या नकला बाजारात आल्या होत्या.

तो रविवार आला. बंब पेटल्यावर मामी पिठाच्या हातांनी बाहेर आली. "एक हिच्याकडं ठिवा की," माझ्याकडे बोट करून म्हणाली. "पुस्तकं सांभाळती, एक कॅसेट सांभाळंल न्हवं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी दिली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

"नको मामी," मी म्हणाले. "मामांचं बरोबर आहे."

मामी आत गेली.

दोन वर्षांत तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. ती पाटीवर लिहून बोलायची. चौथीपर्यंतच शिकलेली, अक्षर मोठं आणि सुटं. मामा रोज दुपारी कॉम्प्युटर लावून तिला तिचीच गाणी ऐकवायचे. ती ओठ हलवायची. एके दिवशी लोडशेडिंगनंतर वीज परत आली, पण कॉम्प्युटर सुरू झाला नाही. सरांनी डिस्क काढून नेली. आठवड्याने ते आले आणि उभ्यानेच बोलले, "मामा, डिस्क गेली. थोडं काही निघालं, पण ते दुसऱ्या यंत्रावर उघडत नाही. कुणालाच उघडता येऊ नये असं तुम्ही म्हणाला होता. मलाही येत नाही."

मामांनी त्यांना चहा पिऊन जायला सांगितलं.

त्या संध्याकाळी त्यांनी वस्तीत घरोघर विचारलं; कुणाकडे एकही धड कॅसेट उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन इचलकरंजीला गेले. टपरी होती, आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. माणूस तोच.

"या पावणं," तो म्हणाला. "वळकलं मी. आज पोलीस न्हाईत व्हय संगं?"

मामांनी मामीच्या कॅसेटचं विचारलं. कशाला हवी तेही सांगितलं. त्याने हातातलं कव्हर खाली ठेवलं.

"माझ्याकडं असत्या तर फुकट दिल्या असत्या. पर पावणं, तुम्हीच रोलर फिरवून घेतला. एक बी ऱ्हायली न्हाय." मग त्याने स्टूल पुढे केलं. "कोडोलीला एक मंडपवाला हाय. त्यानं नेलती एक माझ्याकडनं. बगा जाऊन."

कोडोलीच्या मंडपवाल्याकडे कॅसेट निघाली. मामांचा आवाज घातलेल्या कॅसेटची नक्कल, वेष्टणावर फोटो त्याच भलत्या बाईचा. पण वरून दुसरं भरता यावं म्हणून खुंट्यांच्या भोकांवर कागद चिकटवला होता. "नात पयल्यांदा बोलली ते भरलंय वो एका बाजूला," तो ओशाळून म्हणाला. "दुसऱ्या बाजूची चार गाणी हाईत बगा." मामांनी तिथेच तो कागद नखाने काढला. मग दोन्ही हात जोडून त्या माणसाला जयभीम केला. एस.टी.त त्यांनी कॅसेट शर्टाच्या आत ठेवली होती.

मामीने गाणी ऐकली. मधे मामांचा आवाज आला तेव्हा तिने पाटी ओढून लिहिलं: तुमचं तेवढं काढा. ते निघण्यासारखं नव्हतं, हे मामांनी तिला समजावलं. ती हसली. आवाज नसलेलं हसणं मी पहिल्यांदाच पाहिलं.

चार महिन्यांनी ती गेली.

त्यानंतर मामा दुकान उघडत, पण विकत काही नसत. दुपारी ती कॅसेट लावून अंगठा आवाजाच्या बटणावर ठेवून बसत. पेटी सुरू झाली की बटण फिरवून स्वतःचं वाक्य बंद करत आणि कडवं सुरू व्हायच्या क्षणी पुन्हा वाढवत. ती वेळ त्यांच्या हाताला पाठ झाली होती. पुढे हात कापू लागला. कधी त्यांचं वाक्य अर्धं ऐकू यायचं, कधी मामीची ओळ जायची. ओळ गेली की ते कॅसेट मागे घेऊन पुन्हा तिथून लावत. मी शेजारी बसून असायची. एकदा म्हटलं, "मामा, मी फिरवू का बटण?" ते म्हणाले, "नको. चूक माझी हाय."

मला सांगायचं होतं की माझीही आहे. सांगितलं नाही. पुढच्या वर्षी तेही गेले.

कॅसेट आता माझ्याकडे आहे. तिच्या मी नकला केल्या. एक आईकडे, एक कोडोलीला, एक इचलकरंजीला, बाकीच्या वस्तीत मागेल त्याला. चार गाणी आहेत. चारही गाण्यांत मधे मामा बोलतात. मी आवाज कमी करत नाही.