सांख्यिकी सोडली तेव्हा

सरांनी मला भर वर्गात गिऱ्हाईक म्हटलं, त्याला आता वर्ष होईल. लोक म्हणतात, सोडून दे. मी सोडणाऱ्यांतली नाही.

मांजरी गावात माझी रोपवाटिका आहे. आमच्याकडच्या उसाच्या रानांत इमारती उभ्या राहिल्या, तेव्हाच मी ओळखलं होतं की या लोकांना बाल्कनीत मोगरा लागणार. रस्त्याच्या कडेला पिशव्यांतली रोपं मांडून सुरुवात केली. आठव्या मजल्यावरच्या बायका मॉलमध्ये लिहिलेली किंमत मुकाट देतात आणि माझ्यापाशी गुलाबाच्या काडीसाठी अर्धा तास घासाघीस करतात. त्यांच्याशी भांडतभांडतच मी धंदा उभा केला. कुणी हात दिला नाही, त्यामुळे कुणाचं ऐकूनही घेत नाही.

शिक्षण अर्धवट राहिलं होतं. बारावी बाहेरून दिली आणि सत्ताविसाव्या वर्षी सोलापूर रस्त्यावरच्या एका कॉलेजात बी.कॉम.ला नाव घातलं. दुसऱ्या वर्षाला एक विषय आपल्या मर्जीने घ्यायचा होता. मी सांख्यिकी घेतली. म्हटलं, आकडे तर आपण रोज बोटांवर खेळवतो, यात काय अवघड असणार? पण सरासरीपर्यंत माझी गाडी चालली आणि प्रमाण विचलन आलं तिथे रुतली. पहिल्या चाचणीत नापास झाले.

त्याच सुमाराला शहरातल्या एका कॉलेजची चौकशी केली होती. तिथले वर्ग सकाळी सातला भरतात आणि अकराला सुटतात. म्हणजे दिवसभर रोपवाटिका चालू ठेवता येते. इथे दुपारचे तास असल्यामुळे माझं निम्मं गिऱ्हाईक परत जात होतं. तिथल्या कारकुनाने स्पष्ट सांगितलं, “तिसऱ्या वर्षाला घेऊ. पण एकाही विषयात नापास असाल तर येऊ नका. सोडलेला विषय चालेल, तो इथे ज्युनिअर मुलांबरोबर परत करावा लागेल.”

मग मी जे केलं, ते धंद्यातल्या माणसानेच करावं. स्टाफरूममध्ये जाऊन सरांना विचारलं, “सर, मी पुढच्या वर्षी इथे नाही. काठावर पास करायचं असेल तर मला काय काय करावं लागेल, ते आत्ताच ठरवून घेऊ. जादा तास सांगा, गणितं सांगा, मी करते. पण पास नक्की करा.”

आमच्या धंद्यात आधी ठरवून घेणं हा शहाणपणा असतो. सर नुसते चष्म्यावरून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी वर्गात खडू खाली ठेवून म्हणाले, “आज आपल्याकडे गिऱ्हाईक आलंय. या बाई, पुढे या. काल आपण माझ्याशी भाव करत होतात ना? चाळीस मार्कांची जुडी केवढ्याला लावू? कोथिंबीर वर फुकट पाहिजे का?”

वर्ग हसला. माझ्यापेक्षा सातआठ वर्षांनी लहान मुलं बाकं बडवून हसली. माझ्या शेजारी बसणारी मुलगी तेवढी हसली नाही. त्या दिवसापासून जिन्यात मागून आवाज यायचा, “ताई, कोथिंबीर!”

विषय सोडायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. सोडला, तर सर म्हणणार, पळाली. नाही सोडला आणि नापास झाले, तर शहरातलं कॉलेज गेलं. मी हट्टाला पेटले होते. बसायचं, पास व्हायचं आणि निकाल त्यांच्या टेबलावर आपटायचा. पहाटे झारीने पाणी घालता घालता सूत्रं म्हणायची. दुसरी चाचणी आली. पुन्हा नापास.

आईने कुंडीत माती भरताना विचारलं, “कुणासाठी चाललंय हे? तुज्यासाठी का त्या मास्तरसाठी?”

“त्याला दाखवायचंय मला.”

“दाखव की. पण आपलं घर जाळून उजेड दाखवतेस व्हय?”

मी तिच्यावर ओरडले. ती माती भरत राहिली.

मुदत संपायला आली तेव्हा वर्गातल्या त्या शेजारच्या मुलीने मला एक गोष्ट सांगितली. तिला हा विषय मनापासून आवडायचा. ती काळजीत होती. “ताई, परवा दोघांनी विषय सोडला. आता आपण बरोब्बर वीस राहिलोय. विसाच्या खाली गेलो की पुढच्या वर्षीपासून विषय बंद. सरांना अकरावीला शिकवायला टाकतील म्हणे.”

त्या दुपारी मी सही घ्यायला स्टाफरूममध्ये गेले. सोडायला सरांची सही लागते.

सरांनी अर्ज वाचला आणि बाजूची खुर्ची ओढली. “अहो, बसा ना. चहा सांगू? एवढ्यात कशाला हार मानता?”

मी उभीच राहिले.

“थोडी मेहनत घ्या. बाकीचं मी बघतो.”

“काय बघता, सर?”

त्यांनी दाराकडे पाहिलं. आवाज उतरला. “नापास होणार नाही, एवढं.”

शहरातलं कॉलेज, दिवसभराची मोकळीक, पुन्हा तोच विषय करायची कटकट नाही. सगळं समोर ठेवलं होतं. मी म्हटलं, “चालेल. उद्या वर्गात सांगा. त्या दिवशीसारखं फळ्यापुढे उभं राहून, मोठ्याने.”

“असं कसं सांगता येईल?”

“मग सही करा. कोथिंबीर राहू दे.”

पेन दोनदा झटकून त्यांनी सही केली. त्यांचे कान लाल झाले होते. ते मी डोळे भरून पाहिले.

शेजारच्या मुलीने एवढंच विचारलं, “ताई, ते तुला पास करत होते ना?” तिसऱ्या वर्षाला तिला दुसरा विषय घ्यावा लागला. हल्ली तिचा फोन येत नाही. सर अकरावीच्या पोरांना शिकवतात. हे ऐकलं त्या दिवशी मी आख्ख्या आळीत पेढे वाटले. आईने विचारलं, कशाचे? मी म्हटलं, असेच.

आता सकाळी सातला मी शहरातल्या वर्गात ज्युनिअर मुलांबरोबर बसते आणि प्रमाण विचलन अजूनही रुततं. परीक्षा जवळ आली आहे. पास झाले तर निकालाचा फोटो सरांना पाठवणार आहे. नाही झाले, तर त्यांना कळवायला मी काही बांधील नाही.