थोरलीनं इंजिन खोललं

थोरलीला ट्रॅक्टरवरून खाली उतरवणं म्हणजे मांजराच्या तोंडातून मासा काढणं, असं सगळं गाव म्हणायचं. तिच्या मुलालाही ते ठाऊक होतं. म्हणून त्यानं आईला उतरवायचा नाद सोडला आणि सरळ ट्रॅक्टरच भंगारात काढायचं ठरवलं.

पोरगा वाईट नव्हता. त्यानं नुकताच नवा ट्रॅक्टर घेतला होता, डोक्यावर छत असलेला, आणि नव्या नवरीसारखं जपत त्याला दिवसातून दोनदा पुसायचा. आईचा जुना ट्रॅक्टर शेजारी उभा राहिला की त्याला लाज वाटायची.

"आई, तुझं खटारं डिझेल कमी नि ऑइल जास्त पितंय," तो म्हणाला. "चढावर सायकलवाला पुढं जातो."

"त्याला घाई असेल."

"चेष्टा नको. भंगारवाल्याशी बोललोय मी. महिनाभरात त्याची गाडी या बाजूला येणार आहे. वरचं रान मीच माझ्या रानाबरोबर नांगरून टाकत जाईन. तू आता घरी बस. आराम कर."

वरचं रान म्हणजे घरामागचा दगडगोट्यांचा तुकडा. तेवढाच थोरलीच्या हातात उरला होता. बाकी शेत मुलगा बघायचा आणि त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण तो तुकडा ती स्वतः नांगरायची, स्वतः पेरायची आणि त्यात काय पेरलं ते कुणाला आधी सांगायची नाही. आराम हा शब्द तर तिच्या कानाला शिवीसारखा लागायचा.

"तो यायच्या आत ट्रॅक्टर धडधाकट चालू झाला तर?" तिनं विचारलं.

"तर राहू दे तुझा. पण गॅरेजचा मिस्त्री त्याला हात लावणार नाही म्हणालाय."

"मिस्त्रीचे हात त्याच्यापाशीच राहू देत. मला देवानं दिलेत दोन."

हा ट्रॅक्टर घरात आला तोही भांडणातच. थोरलीच्या नवऱ्यानं तो जुनाच विकत घेतला आणि पहिल्याच दिवशी गोठ्याच्या भिंतीत घातला. थोरली हसली. नवरा चिडून उतरला आणि म्हणाला, "हसतेस काय? जमत असेल तर बस तू!" ती बसली. भिंतीतून ट्रॅक्टर मागं घेतला, अंगणाला एक फेरी मारली आणि मग जन्मभर उतरलीच नाही. बाईमाणूस नांगरतंय म्हणून हसणारे पुढच्या हंगामात दारात येऊन, "आमच्याकडं कधी येता?" असं विचारू लागले. नवरा गेला, पोरगा मडगार्डवर बसून मोठा झाला, आणि आता तोच तिला उतरवायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं गोठ्याच्या तुळईला चेनकप्पी बांधली आणि इंजिन उचलून बाहेर काढलं. हे बघायला मिस्त्री मुद्दाम आला. दाराला टेकून सुपारी चघळत उभा राहिला.

"खोलाल हो. खोलायला काय लागतं? माकडपण खोलतं."

"म्हणूनच तुला बोलावलं नाही."

मिस्त्री हसला. माणूस गमत्या होता. जाताना मात्र नीट बोलला, "थोरल्या बाई, क्रँकच्या कॅपा काढण्याआधी त्यांच्यावर छिन्नीनं खुणा करा. कंपनीच्या खुणा त्यावर राहिलेल्या नाहीत. मागं कुणीतरी घासून टाकल्यात."

"माझ्या लक्षात राहतं," थोरली म्हणाली.

इथं तिची चूक झाली. क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटातला तो वेडावाकडा दांडा, जो पिस्टनच्या उड्यांचं फिरणं करतो. त्याला खालून चार लोखंडी कॅपा आवळून धरतात. दिसायला सख्ख्या बहिणी, पण प्रत्येक कॅप आपल्याच घरात नांदते. शेजारणीच्या जागी बसवली की क्रँक आखडलाच. हे थोरलीला माहीत होतं. पण मिस्त्रीनं सांगितलं आणि आपण ऐकलं, असं तिला व्हायला नको होतं. तिनं कॅपा काढल्या आणि जुन्या चादरीवर ओळीनं मांडून ठेवल्या. पहिली डावीकडं, शेवटची उजवीकडं. झालं की!

मग ती क्रँक आणि ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा रिकामा सांगाडा, घेऊन लेथवाल्याकडं गेली. त्यानं क्रँक घासून गुळगुळीत केला, पिस्टनसाठी नवे लायनर बसवून दिले, घासलेल्या क्रँकच्या मापाची नवी बेरिंग दिली. ती आनंदात घरी परतली तर चादर दोरीवर वाळत घातलेली!

खाली, पाटावर, तिची धाकटी जाऊ बसली होती. धाकटी शेजारच्या खोलीत राहायची, गावाचे कपडे शिवायची, आणि घाण म्हणून तिच्या डोळ्यांना सहन व्हायची नाही. तिनं सगळे भाग रॉकेलनं धुतले होते, साबणाच्या पाण्यानं खंगाळले होते, कोरडे करून हलकं तेल लावलं होतं. आणि मग भांड्यांच्या मांडणीवर लावावेत तसे एकावर एक, लहान-मोठे बघून रचले होते.

"बघा, कसं चकचकीत झालंय," धाकटी म्हणाली. "तुम्हाला कुठं वेळ होता."

थोरलीनं दोरीवरच्या चादरीकडं बघितलं, रचलेल्या ढिगाकडं बघितलं. मग तिनं जे काही बोलायला सुरुवात केली ते ऐकून कुंपणावरचं कोंबडं उडालं.

"अगं, सटवे! त्या वाट्या होत्या का? आता कुठली कुणाची हे काय तुझा शिंपी नवरा सांगणार?"

"माझा नवरा शिंपी नाही, मी शिंपीण आहे," धाकटी रडवेली होऊन म्हणाली. "आणि खुणा का नाही केल्यात?"

हा प्रश्न बरोबर असल्यामुळं थोरली आणखीनच भडकली.

एक कॅप रुंद होती, ती लगेच ओळखू आली. उरल्या तिघी. थोरलीनं अंदाजानं बसवल्या, आवळल्या. क्रँक हलेना. खोलल्या, बदलल्या, आवळल्या. हलला, पण खाटकाच्या दारातल्या बोकडासारखा, ओढत ओढत. नीट बसलेला क्रँक दोन हातांनी विनातक्रार फिरला पाहिजे. शिवाय कॅप उलटीही बसते, म्हणजे शक्यता आणखी वाढल्या. पोरगा संध्याकाळी डोकावून गेला.

"मिस्त्रीला बोलावू का?"

"तू तुझी नवरी पूस जा."

धाकटी मात्र जाईना. अपराधी चेहऱ्यानं कोपऱ्यात बसून राहिली. थोरली पुटपुटत होती, की क्रँक नसताना रिकाम्या घरात कॅप बसवली आणि आतून बोट फिरवलं तर सांध्यावर पायरी लागायला नको, एकसंध गोल लागायला हवं. ती बोट फिरवत होती, पण नांगराच्या मुठीनं घट्टे पडलेल्या बोटाला पायरी काय नि पठार काय, सगळं सारखंच.

"मी बघू?" धाकटीनं विचारलं.

"आधीच पुष्कळ बघितलंस."

तरी ती आली. शिवणीत दोरा किती वर आलाय हे अंधारात सांगणारं ते बोट तिनं आत घातलं, डोळे मिटले.

"इथं ओठ लागतोय. बारीक. केसाइतका."

थोरलीनं कॅप बदलली.

"आता दुसऱ्या बाजूला लागतोय."

उलटी केली.

धाकटीनं बोट दोनदा फिरवलं. "काहीच नाही. वाटीच्या बुडासारखं."

थोरलीनं पाना बाजूला ठेवला. छिन्नी उचलली आणि त्या कॅपवर अशी खूण मारली की मिस्त्रीला गॅरेजात ऐकू गेली असती. तसंच करत तिन्ही कॅपा ठरल्या. क्रँक बसवला, बेरिंगला ऑइल लावलं, आवळलं. थोरलीनं धाकटीला म्हटलं, "फिरव."

"मी?"

"मग कोण, तुझा शिंपी?"

धाकटीनं दोन हातांनी धरून ढकलला. क्रँक फिरला. लोण्यातून सुरी फिरावी तसा.

पिस्टन, रिंगा, हेड, हे सगळं पुढचे बरेच दिवस चाललं. धाकटीनं शिलाई बाजूला टाकली. गावातल्या दोघीतिघींचे ब्लाउज रखडले, त्या दारात येऊन भांडून गेल्या. भंगारवाल्याची गाडी आली तेव्हा इंजिन ट्रॅक्टरवर चढलं होतं, पण अजून एकदाही वाजलं नव्हतं.

भंगारवाला उतरला, बोनेटवर हात आपटून म्हणाला, "लोखंड चांगलंय."

"हात काढ," थोरली म्हणाली.

तिनं डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली आणि स्टार्टर दिला. इंजिननं दोन गचके खाल्ले, पांढरा धूर सोडला आणि गप्प झालं. भंगारवाला हसला. मुलगा हसला नाही, पण त्यानं घड्याळ बघितलं, ते थोरलीला जास्त लागलं. तिनं एकेका नोझलची नळी पुन्हा सैल केली. बुडबुडे संपून स्वच्छ डिझेल येईपर्यंत कुणाकडंही न बघता ती उभी राहिली. मग आवळलं आणि परत वर चढली.

या वेळी इंजिननं एकदा खाकरून घसा साफ केला आणि बोलायला लागलं. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. थोरलीला त्याचा आनंद झाला नाही; तिचे डोळे ऑइलच्या दाबाच्या काट्यावर होते आणि हात बंद करायच्या दांड्यावर. काटा वर चढला नाही, म्हणजे आत ऑइल पोचलं नाही, तर ती स्वतःच इंजिन बंद करणार होती आणि ट्रॅक्टर भंगारवाल्याच्या हवाली करणार होती, हे तिचं तिनं ठरवलेलं. काटा थरथरला. चढला. चढून तिथंच राहिला.

भंगारवाला पाणी पिऊन निघून गेला.

"चालला म्हणजे टिकेल असं नाही," मुलगा म्हणाला.

"तूही चालायला लागलास तेव्हा धडपडतच होतास. तुला काय भंगारात घातलं होतं?"

त्याला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. त्याचा नवा ट्रॅक्टर गोठ्याच्या वाटेतच आडवा उभा होता.

"काढ ते तुझं," थोरली म्हणाली. "मला वर जायचंय."

"आज लगेच?"

"हलकंच चालवणार. नव्या रिंगांना ओझं सोसत नाही पहिले काही दिवस. मलाही कळतं तेवढं."

मुलानं ट्रॅक्टर मागं घेतला. घेताना त्याचा पाण्याच्या हौदाला जरासा धक्का लागला आणि नव्या रंगावर ओरखडा उठला. थोरलीनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. तेवढ्यात धाकटी, पदर खोचून, कुणाला न विचारता मडगार्डवर चढून बसली.

ट्रॅक्टर चढाला लागला. मागून मुलगा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होता, "गरम झाला तर थांबव गं, आई! पाणी घेऊन येतो मी!"

"काय म्हणतोय तो?" थोरलीनं विचारलं.

"ऐकू येत नाही रे!" धाकटी मागं वळून ओरडली.

ऐकू दोघींनाही आलं होतं. थोरलीनं गिअर टाकला.