वाचून दाखवा, मग सही

वॉरेन साहेब गेल्याचा ईमेल त्यांच्या मुलीने कॅनडाहून पाठवला, तेव्हा मी बहारीनमध्ये, मनामाच्या ऑफिसात रजेचे अर्ज लावत बसले होते. दोनदा वाचला... आणि उगाचच खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. त्याला आता दीड महिना झाला.

साहेब मूळचे वकील. कॅनडातल्या लहानशा गावात वकिली करता करता कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून दोनदा प्रांताच्या विधानसभेत निवडून गेले. पुढे त्यांच्याच सरकारने गावातलं कोर्ट बंद करायला घेतलं, तेव्हा त्यांनी विरोधात मत दिलं. पुढच्या निवडणुकीत पक्षाने त्यांचं तिकीट कापलं. साठीला टेकलेला हा माणूस मग बहारीनला आमच्या कंत्राटदार कंपनीत कायदा सल्लागार म्हणून आला आणि मी त्यांची सेक्रेटरी झाले.

राजकारणावरून आमचा एकदाच वाद झाला. "जुनं चांगलं ते जपायचं, एवढंच आमचं राजकारण," ते म्हणाले. मी आंबेडकरी घरातली, मला गप्प बसवेना. "सर, सगळे जुनंच जपत बसले असते, तर माझी आजी गावकुसाबाहेरच मेली असती."  दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. "तुमचं बरोबर आहे. काय जपायचं ते निवडावं लागतं. मी दिलेला शब्द निवडतो."

म्हणजे काय, ते मला अस्कर गावातल्या आमच्या बांधकामाच्या साइटवर कळलं. तिथल्या आपल्याकडच्या कामगारांना दुसऱ्या कंपनीत बदली होणार म्हणून सांगितलं होतं, आणि सहीच्या इंग्रजी कागदावर होता राजीनामा. "सह्या झाल्या की खलास, सर. वाचतंय कोण?" मॅनेजर म्हणाला. साहेबांनी कागद माझ्या हातात दिला. "यांच्या भाषेत वाचून दाखवा. मग सही."

माझा व्हिसाही त्याच कंपनीचा... तरी ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली. चिपळूणकडचे फिटर रघुनाथदादा उठून उभे राहिले.

"म्हंजे ताई, आमी आपनहून नोकरी सोडली, असं लिवलंय?"

"हो, दादा."

एकानेही सही केली नाही. आठवडाभरात बदलीचा खरा कागद आला आणि सगळ्यांच्या नोकऱ्या राहिल्या. साहेबांचं कंत्राट मात्र कंपनीने पुढे वाढवलं नाही. निघताना माझे डोळे भरलेले पाहून ते हसले. "तिकीट कापलं जायची मला सवय आहे."

परवा रघुनाथदादांना फोन करून साहेब गेल्याचं सांगितलं. ते आता गावी असतात. 

"ताई, त्या सायबांचं नाव काय हो? तवा इचारायचं ऱ्हायलं."

मी पूर्ण नाव सांगितलं. ते हळूहळू म्हणत राहिले... चुकलं की पुन्हा विचारत, नीट जमेपर्यंत.