पारावरच्या सुनंदाताई

भाऊजी गेल्याची बातमी आम्हाला फोनवर कळली आणि बाकीच्या जगाला 'पारा'वर. 'पार' म्हणजे त्यांनी स्वतः उभं केलेलं संकेतस्थळ. शिरूर-दौंडकडची, पुण्याला, मुंबईला आणि पार दुबईपर्यंत पांगलेली माणसं तिथे रोज गप्पा मारायला जमायची. शिक्रापूरच्या चौकात ट्रकनं भाऊजींच्या मोटरसायकलला उडवलं त्या संध्याकाळपासून तिथे श्रद्धांजल्यांची रीघ लागली. 'आमचा अनिल गेला', 'पार पोरका झाला'... आणि त्यातच कुणीतरी काळजीनं विचारलं होतं, 'खुटबावच्या सुनंदाताईंना कळवलं का? त्यांना फार लागेल.' मग जो तो तेच विचारू लागला. कळवणार कुणाला? सुनंदाताई त्याच ट्रकखाली गेल्या होत्या. सुनंदाताई म्हणजे आमचे भाऊजीच होते, हे ठाऊक असलेली मी एकटी, आणि मी महिनाभर तोंड उघडलं नाही.

अनिल भाऊजी माझे धाकटे दीर. वयानंही माझ्याहून लहान, पण आमच्याकडे दिराला अहो-जाहो करायची रीत. कारेगावात आमचं घर. शेजारी कंपन्या आल्या तशा आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंगणाच्या कडेनं कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि वर गच्ची काढली. भाऊजी अशाच एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर त्यांनी स्वस्तात उचलला, त्याला फोनची तार जोडली, आणि घरचा फोन सदा एंगेज लागायला लागला. पार सुरू झाला त्या दिवशी ते थेट माझ्या चुलीपाशी आले. "वहिनी, हितं कुणीबी यावं, कुणीबी बोलावं. जात न्हाई, गाव न्हाई." मी भाकरी थापत विचारलं, "आन् बाया?" म्हणाले, "त्यास्नी कुणी अडवलंय?" मला हसूच आलं. "अवो, नाव काय ठिवलंय तुम्ही! पारावर बाई बसलेली कवा बघितली का? आम्ही तर डोक्यावर पदर घिऊन लांबनं जातो."

तेव्हा तेही हसले, पण बोलणं कुठेतरी रुतलं असावं. पार भरत गेला, पण नुसत्या पुरुषांनी. मधे दौंडची एक बाई आपल्या नावानिशी आली, एसटी स्टँडवर बायकांसाठी मुतारी नाही याबद्दल तिनं दोन ओळी लिहिल्या. खाली उत्तरं काय, तर 'ताई, पोळ्या झाल्या का?' आणि 'साहेबांना विचारून आलात ना?' ती गप्प झाली. पुढे दुबईच्या एकानं भाऊजींना डिवचलं, 'तुमच्या तालुक्यात बायका राहत नाहीत का हो?' ती थट्टा भाऊजींना झोंबली. काही दिवसांतच पारावर खुटबावच्या सुनंदाताई अवतरल्या.

काय गोड बाई होती! सगळ्यांना दादा म्हणायची, लोणच्याच्या फोडी कशा मुरवायच्या ते सांगायची, जात्यावरच्या ओव्या लिहायची. एकमेकांच्या उरावर बसणारे बाप्ये तिच्यासमोर गोगलगाय होत. तिच्या आधारानं मग पाच-सहा बायका आल्या, दौंडचीही परत आली, आणि मीसुद्धा गेले. भाऊजींनी मला कॉम्प्युटर शिकवला होता तो घरच्यांच्या वतीनं नातेवाइकांना पत्रं लिहायला. ते शिफ्टला गेले की मी त्याच कॉम्प्युटरवर 'सावली' नावानं पारावर जाऊ लागले. घरात कुणाला पत्ता नव्हता.

सुनंदाताईंना मी खासगी निरोप पाठवायला लागले. जे आईशी बोलता आलं नाही ते मी त्या बाईशी बोलले. आमची न्हाणी अंगणात, चार भिंतींची, वर मोकळी. गच्चीवर भाडेकरू पोरं पत्ते कुटत बसत आणि वरून सगळं दिसे. अंधार पडेपर्यंत मला अंघोळ करता यायची नाही. यांना सांगितलं असतं तर गच्चीवर मारामारी झाली असती. सासूबाईंना सांगायची सोय नव्हती. मी सुनंदाताईंना सगळं लिहिलं, आणि शेवटी हेही लिहिलं की त्या पत्त्यांच्या डावात माझा दीरही असतो. न्हाणीकडे पाठ करून बसतो... पण बसतो.

दुसऱ्या दिवशी भाऊजी कंपनीला गेले नाहीत. सकाळीच शिडी लावून त्यांनी न्हाणीवर पत्रे ठोकले. आबांनी विचारलं, "काय रं, ह्ये आज काय मधीच?" भाऊजी खाली न बघता म्हणाले, "कावळं घाण करत्यात." मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मला एका क्षणात सगळं कळलं, आणि भर दुपारी, पहिल्यांदाच छपराखाली अंघोळ करताना मी लाजेनं रडले. उघड्यावर होते तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती.

चार दिवसांनी ते एकटे जेवत होते तेव्हा मी म्हटलं, "भाऊजी, खुटबावला जाऊन यावं म्हंते. सुनंदाताईस्नी भेटाया." त्यांनी घास ताटात परत ठेवला. म्हणाले, "वहिनी, तुमचंच हाय ह्ये मला पार शेवटाला कळलं... दिराचं लिवलं तवा. वाचलेलं न वाचल्यावानी कसं करू?" मला त्यांना चार शब्द सुनवायचे होते, पण समोरचा माणूस ताटात तोंड घालून बसलेला. नंतर कितीतरी महिने त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. गच्चीवर तर पाऊलही ठेवलं नाही.

एकदा मात्र मी बोलले. "तुमची सुनंदाताई कवा कुणाशी भांडली न्हाई, भाऊजी. म्हून ती सगळ्यास्नी आवडती." त्यांनी सुनंदाताईंचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्यापुढे ठेवला. मग महिनाभर सुनंदाताई मी झाले. दौंडच्या बाईचा तोच मुतारीचा विषय मी काढला आणि चांगलं फैलावर घेतलं मंडळींना. खाली पहिलं उत्तर आलं, 'ताई, तब्येत बरी नाही का?' दुसरं, 'ताई, तुम्ही अशा नव्हता.' भाऊजी ते वाचून आधी खूप हसले आणि मग लालबुंद झाले. "मी सांगून टाकतो सगळ्यास्नी," म्हणाले. मीच अडवलं. म्हटलं, बाया तिच्या भरवशावर आल्यात, निघून जातील. "मग तुम्ही तुमच्या नावानं लिवा की, वहिनी." महिना संपल्यावर चिठ्ठी त्यांना परत केली. सुनंदाताई पुन्हा गोड झाल्या.

गेल्या आठवड्यात मी पारावर पहिल्यांदा माझ्या पूर्ण नावानं लिहिलं. कोण होत्या सुनंदाताई, आणि का होत्या. मधला कोणता महिना त्यांच्या नावानं मी लिहीत होते, हेही. पुरुष मंडळी दोन दिवस चिडीचूप. मग एकानं लिहिलं, 'वहिनी, गेलेल्या माणसाची अशी शोभा करायची नव्हती.' बाकीच्यांनी त्याचीच री ओढली. बाईचं नाव घेतलं याचीच त्यांना लाज. ते का घ्यावं लागलं याची कुणाला नाही. मला त्यांचा संताप आला. आता चांगलं सणसणीत लिहायचं म्हणून मी बसले, तेवढ्यात दौंडच्या बाईचा निरोप आला. तिला त्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं होतं, 'त्या महिन्यात मी सुनंदाताईंना जे लिहिलं, ते तुम्ही वाचलं का?'

वाचलं होतं. तिच्या थोरल्या मुलीची शाळा सोडवून लग्न जमवायचं घरात चाललं होतं. काय करू, कुणाशी बोलू, असं तिनं विचारलं होतं. सुनंदाताईंच्या नावानं उत्तर द्यावं तर ते खोटं, माझ्या नावानं द्यावं तर बिंग फुटणार, असा हिशेब करत मी ते मिटून टाकलं होतं. भाऊजींनी माझं वाचलं आणि सकाळी शिडी लावली. मी तिचं वाचलं, आणि जाऊन भाजी फोडणीला टाकली...

'हो, वाचलं,' असं मी तिला कळवलं आहे. मुलीचं काय झालं, हेही विचारलं आहे. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, तोंड न धुता कॉम्प्युटर सुरू करायची भाऊजींची सवय होती. सासूबाई त्यावरून रोज ओरडायच्या. आता मी तसंच करते, आणि सासूबाई काही म्हणत नाहीत. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.